जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि मधले काही मिलिमीटर

१९८७ साली कॅननने आपल्या एसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांचा माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची जागा, बदलला. १९७१ पासून चालत आलेला एफडी माउंट मागे पडला आणि ऑटोफोकससाठी ईएफ नावाचा नवा माउंट आला. कंपनीच्या दृष्टीने निर्णय दूरदृष्टीचाच होता. पण ज्यांनी पदरमोड करून एकेक एफडी लेन्स जमवली होती, त्यांच्याकडे उत्तम काच उरली आणि ती लावायला नवी बॉडी उरली नाही. अडथळा होता जेमतेम दोन मिलिमीटरचा. त्या दोन मिलिमीटरपायी पुढची वीस वर्षं या लेन्स सेकंडहँड बाजारात कवडीमोल पडून होत्या. निकॉनने मात्र १९५९ चा एफ माउंट पुढेही चालू ठेवला, म्हणून त्याच काळातल्या त्यांच्या निकॉर लेन्सना बऱ्यापैकी भाव राहिला.

जुन्या मॅन्युअल लेन्सचा बाजार इथून समजून घ्यायला सुरुवात करावी. यातली एखादी लेन्स स्वस्त मिळते ती बहुतेक वेळा तिचा कॅमेरा काळाच्या ओघात गेला म्हणून. काचेच्या दर्जाचा त्यात फारसा हात नसतो. आणि अशी पोरकी झालेली लेन्स तुमच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालेल की नाही, हे मुख्यतः एका आकड्यावर ठरतं.

लेन्स बॉडीला जिथे टेकते ती धातूची कडी आणि आतला सेन्सर यांच्यातलं अंतर म्हणजे तो आकडा. त्याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. त्याचं महत्त्व कळायला घरातलं भिंग पुरे. दुपारी खोलीतला दिवा बंद करा आणि खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा. पुढेमागे करत गेलात की एका जागी समोरची इमारत भिंतीवर उलटी, पण स्पष्ट उमटते. आता इमारतीऐवजी खिडकीचे गज स्पष्ट हवे असतील तर भिंग भिंतीपासून थोडं लांब न्यावं लागेल. लेन्समध्ये हेच घडतं. जवळच्या वस्तूवर फोकस करताना लेन्स सेन्सरपासून दूर सरकते, दूरच्या वस्तूसाठी जवळ येते. क्षितिज, डोंगर, चंद्र यांच्यासाठी, म्हणजे इन्फिनिटीला, ती सगळ्यात आत असते. कॅमेऱ्याची बॉडीच जाड असेल आणि लेन्सला तितकं आत येऊ देत नसेल, तर रिंग कितीही फिरवा, डोंगर धूसरच राहणार. उलट बॉडी पातळ असेल तर मधली जागा पोकळ कडीने भरून काढली की काम झालं. अडॉप्टर म्हणजे हीच पोकळ कडी. तिच्यात काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा घटण्याचा प्रश्न येत नाही.

आता आकडे. एसएलआरमध्ये आरशाला हलायला जागा लागते, म्हणून हे अंतर मोठं असतं. निकॉन एफ ४६.५ मिमी, ऑलिंपस ओएम ४६, पेंटॅक्स के आणि स्क्रूचा एम४२ दोन्ही ४५.४६, कॅनन ईएफ ४४, मिनोल्टा ४३.५, कॅनन एफडी ४२. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे कॅनन आरएफ २०, मायक्रो फोर थर्ड्स साधारण १९.२५, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७ आणि निकॉन झेड अवघं १६. वजाबाकी करून पाहा. एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर साडेसत्तावीस मिलिमीटर लांबीची नळी हवी, ती कुठलाही साधा कारखाना बनवू शकतो. एफडी लेन्स कॅननच्याच डीएसएलआरवर (डिजिटल एसएलआरवर) लावायची तर नळीची लांबी उणे दोन मिलिमीटर येते, आणि उणे लांबीची नळी कोणी बनवू शकत नाही.

२००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ आला, पुढे २०१३ मध्ये सोनीने फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) ए७ आणला, आणि हा सगळा हिशेब उलटला. पन्नास वर्षांतल्या जवळपास प्रत्येक एसएलआरची लेन्स या पातळ बॉडींवर बसू लागली. एफडीचे भाव तेव्हापासून चढले ते आजतागायत.

डीएसएलआर वापरणाऱ्यांसाठी चित्र इतकं सोपं नाही. कॅननवाले त्यातल्या त्यात सुखी. ईएफचे ४४ मिलिमीटर एम४२, निकॉन, ओएम या सगळ्यांपेक्षा कमी असल्याने पातळ कडीवर भागतं. फक्त फुलफ्रेम बॉडीत काही जुन्या लेन्सचं मागचं टोक इन्फिनिटीला आरशाला घासतं; पहिल्यांदा लावताना लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) चालू करून आरसा वर ठेवलेला बरा. पेंटॅक्सच्या डीएसएलआरवर के माउंटच्या लेन्स थेट आणि एम४२ च्या एका पातळ कडीने बसतात.

निकॉनवाल्यांनी मात्र एम४२ च्या नादी लागू नये. इथे १.०४ मिलिमीटर कमी पडतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ५० मिमीच्या लेन्सला तेवढं अंतर बाहेर ठेवलं तर तिचा सगळ्यात लांबचा फोकस जेमतेम अडीच मीटरवर थांबतो. अडॉप्टरची स्वतःची जाडी धरली तर त्याहूनही कमी. यावर उपाय म्हणून आत छोटी काच बसवलेले अडॉप्टर विकतात. स्वस्तातल्या अशा अडॉप्टरमधून चांगली लेन्ससुद्धा दुधाळ दिसते. निकॉनच्या डीएसएलआरवर निकॉनच्याच जुन्या लेन्स लावाव्यात, आणि त्याही १९७७ नंतरच्या एआय किंवा एआय-एस. त्याआधीच्या, बदल न केलेल्या लेन्स जोर लावून बसवल्या तर बऱ्याच बॉडींच्या कडेची छोटी पट्टी मोडू शकते. डी७००० सारख्या बॉडीवर एआय लेन्सबरोबर उजेड मोजणारं मीटर चालतं. डी३००० आणि डी५००० मालिकांत लेन्स बसते, पण मीटर गप्प राहतं. मग एम (मॅन्युअल) मोडमध्ये फोटो काढायचा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा आणि शटर जुळवून घ्यायचं. दोन दिवसांत हात बसतो.

डीएसएलआरची आणखी एक गोम आहे. ऑटोफोकसच्या काळातल्या व्ह्यूफाइंडरची काच उजेड जास्त दिसावा म्हणून बनवलेली असते. एफ/१.४ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) खूप मोठं उघडं असताना, फोकसची पट्टी खरोखर किती अरुंद आहे हे ती दाखवतच नाही. डोळ्याला सगळं स्पष्ट दिसतं आणि घरी येऊन पाहावं तर नाकाचा शेंडा फोकसमध्ये, डोळे बाहेर.

म्हणून या छंदासाठी खरी सोय मिररलेसचीच. जुना, कमी किमतीत मिळणारा मिररलेसही चालतो, कारण ऑटोफोकस किती वेगवान आहे याच्याशी आपल्याला देणंघेणंच नसतं. लेन्स लावल्यावर कॅमेरा पहिल्यांदा शटर दाबूच देणार नाही. समोर लेन्स आहे हेच त्याला कळत नाही. मेन्यूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ किंवा ‘शूट विदाउट लेन्स’ अशा अर्थाची ओळ शोधून ती चालू करा. मग ए मोडवर ठेवा. अॅपर्चर लेन्सवरच्या रिंगने बदलायचं, शटरस्पीड कॅमेरा ठरवतो. आत येणारा प्रत्यक्ष उजेडच तो मोजत असल्याने मीटर नीट चालतं. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरावी लागते. बरेच जण ती भरायला विसरतात. ५८ ची लेन्स लावून आकडा २४ चा राहिला तर कॅमेरा हाताचा कंप कमी मोजतो आणि फोटो हलतो.

फोकससाठी दोन मदतनीस असतात. पीकिंगमध्ये फोकस झालेल्या कडा रंगीत होतात. मॅग्निफिकेशनमध्ये चित्राचा एक तुकडा मोठा करून दाखवला जातो. पीकिंगवर फार विसंबू नका. लेन्स पूर्ण उघडी असताना ते उदार होतं आणि भुवई, पापणी, कान सगळंच रंगवून टाकतं. ५० मिमी लेन्सला एफ/१.४ वर, एक मीटर अंतरावर, फुलफ्रेममध्ये फोकसची खोली साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते. तिथे डोळा मोठा करून बघण्याला पर्याय नाही. एक बटण मॅग्निफिकेशनला बांधून टाका आणि तेच अंगवळणी पाडा. धावणारी मुलं, वरातीतला नाच, कबड्डी यांच्यासाठी ही लेन्स नाहीच. बसलेला माणूस, दुकानाची पाटी, पानाफुलांचे जवळचे फोटो, रात्रीची गल्ली, व्हिडिओ यांत ती रमते.

पहिली लेन्स कोणती घ्यावी? माझं मत विचाराल तर सोव्हिएत हेलिओस ४४-२. एक तर ती चिक्कार बनली, म्हणून मिळते. दुसरं म्हणजे या सगळ्या प्रकरणात जे जे शिकायचं असतं ते तिच्यात एकत्र सापडतं.

तिचं मूळ जर्मन आहे. कार्ल झाइस येनामध्ये विली मेर्टे याने १९२७ च्या सुमारास बायोटार ही रचना आखली, आणि तीस सालानंतरच्या दशकात तिचं ५८ मिमी एफ/२ रूप ३५ मिमी फिल्मच्या एसएलआरसाठी निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने जर्मन कारखान्यांतलं बरंच तंत्रज्ञान आपल्याकडे नेलं, आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात त्याच धर्तीवर लेन्स बनू लागली. पुढे ती हेलिओस ४४ झाली आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर दशकानुदशकं विकली गेली. चार गटांत सहा काचा, ५८ मिमी, एफ/२, अर्ध्या मीटरपर्यंत जवळचा फोकस. ४४-२ चा स्क्रू एम४२ चा, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाचा. बहुतेक सोव्हिएत लेन्सवरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे हे बनल्याचं साल असतं. ७९ ने सुरू होत असेल तर १९७९ ची.

४४-२ वर अॅपर्चरच्या दोन रिंगा दिसतात आणि नवखा माणूस तिथे गोंधळतो. एक रिंग खटखट आवाज करत फिरते. तिने हद्द ठरवायची, समजा एफ/५.६. दुसरी आवाज न करता फिरते आणि पूर्ण उघडल्यापासून त्या हद्दीपर्यंत अॅपर्चर मिटते. फिल्मच्या काळात अंधाऱ्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस जमावा म्हणून लेन्स उघडून फोकस करत आणि न बघता दुसरी रिंग फिरवून फोटो घेत. मिररलेसवरही ही युक्ती तशीच उपयोगी आहे. शिवाय बिनखटक्याची रिंग व्हिडिओ करणाऱ्यांना आयतीच मिळते.

नंतरच्या ४४एम मालिकेत आणि पेंटॅक्सच्या बहुतेक ताकुमार लेन्समध्ये मागे एक खिळा असतो, जो कॅमेरा फोटोच्या क्षणी दाबत असे. साध्या अडॉप्टरवर तो कोणी दाबत नाही, आणि रिंग फिरवूनही अॅपर्चर उघडंच राहतं. ‘लेन्स बिघडली’ म्हणून परत केलेल्या कित्येक लेन्सचं दुखणं एवढंच असतं. कडेला ए आणि एम असं बटण असेल तर ते एमवर सरकवा. बटणच नसेल तर आतल्या बाजूने खिळा दाबून धरणारा, कडा असलेला अडॉप्टर मागा.

हेलिओस प्रसिद्ध आहे ती पार्श्वभूमीच्या भोवऱ्यामुळे. माणसाच्या मागची पानं त्याच्याभोवती फिरत असल्यासारखी दिसतात. हे घडतं कसं? फ्रेमच्या मधोमध येणारे किरण लेन्समधून सरळ जातात, म्हणून तिथले धूसर ठिपके गोल असतात. कडेकडचे किरण तिरके येतात. त्यांचा एक भाग पुढच्या काचेच्या कडीने कापला जातो, दुसरा मागच्या कडीने. ठिपका दोन्ही टोकांना निमुळता होतो. त्यात या रचनेत पुरता न सुधारलेला एक दोष असतो, अॅस्टिगमॅटिझम. तो ठिपक्यांना आणखी ताणतो. सगळे ताणलेले ठिपके केंद्राभोवती एकाच रोखाने मांडले गेले की नजरेला भोवरा दिसतो.

हे कळलं की तो हुकमी आणता येतो. एफ/२ वरच राहा. एफ/४ ला अॅपर्चरचं छिद्रच इतकं लहान होतं की कड्यांना कापायला काही उरत नाही, आणि भोवरा गायब. माणूस दीड-दोन मीटरवर उभा करा. त्याच्या मागे काही मीटरवर पानांतून उजेड झिरपणारं झाड हवं. चिंच, बांबूचं बेट उत्तम. कोऱ्या भिंतीसमोर काहीच होणार नाही. फुलफ्रेमपेक्षा लहान असलेला एपीएस-सी सेन्सर फ्रेमच्या कडाच कापून टाकतो, म्हणून तिथे भोवरा फिका पडतो. ‘माझ्या हेलिओसमध्ये स्वर्ल (भोवरा) येत नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुधा यातच असतं.

कापल्या गेलेल्या कडांचा दुसरा परिणाम म्हणजे दृश्य आवळतं. दीडपट क्रॉपच्या, म्हणजे एपीएस-सी, सेन्सरवर ५० मिमीची लेन्स ७५ सारखं दाखवते, हेलिओस ८७ सारखं. मायक्रो फोर थर्ड्सवर दुप्पट. लहान सेन्सरवाल्याच्या हातात जुनी ‘नॉर्मल’ लेन्स पोर्ट्रेटची होते. घरात, गर्दीत वापरायची असेल तर २८ किंवा ३५ मिमी पाहावी लागते.

हेलिओसपलीकडे ५० मिमी एफ/१.८ किंवा एफ/१.७ ही कुठल्याही जपानी कंपनीची चालेल. एके काळी जवळपास प्रत्येक एसएलआरबरोबर अशी एक मिळायची, म्हणून त्या लाखोंनी आहेत आणि स्वस्त आहेत. मिनोल्टा रोकोर, ऑलिंपस झुइको, याशिका एमएल, पेंटॅक्स के१००० बरोबर येणारी ५० एफ/२, कोणतीही. एफ/५.६ ला यांतली चांगली प्रत आणि आजची महागडी लेन्स यांचे फोटो शेजारी ठेवले तर मधल्या भागातला फरक सांगताना भलेभले अडखळतील. उघड्या अॅपर्चरला कडा मऊ पडतात, उजेडाभोवती हलकी झाक येते, सूर्य फ्रेममध्ये आला की कॉन्ट्रास्ट उतरतो, कारण जुन्या कोटिंगची ताकद कमी. साधं रबरी हूड लावलं तरी मोठा फरक पडतो.

जुन्या झूम लेन्स मात्र टाळा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची ५० मिमीची रचना आजही टिकली आहे, झूमचं गणित पुढे संगणकांमुळे खूपच सुधारलं. फार वाइड जुन्या लेन्सचंही तेच. आणि फॅशनपासून सावध राहा: गर्लिट्झच्या मायर-ऑप्टिकची ट्रायोप्लान १०० मिमी ही तीन काचांची साधी लेन्स एके काळी कोणी विचारत नव्हतं. तिच्या धूसर ठिपक्यांना साबणाच्या फुग्यांसारखी उजळ कडा येते हे लोकांच्या नजरेत भरलं आणि ती आवाक्याबाहेर गेली.

सुपर ताकुमार ५० एफ/१.४ बद्दल एक प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगतो. तिच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच आहे आणि ती किंचित किरणोत्सर्गी आहे. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात घाबरण्यासारखं काही नाही. काच फोडू किंवा घासू नये, एवढंच. वर्षानुवर्षांत ती काच चहासारखी पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली किंवा काही दिवस उन्हात ठेवली की बरीचशी निवळते.

घरच्या कपाटात शोध घ्यायचा तर आधी एक गोष्ट तपासा. आपल्याकडे घरोघरी असलेले याशिका एमएफ-२ सारखे कॅमेरे किंवा इलेक्ट्रो ३५ यांची लेन्स निघतच नाही. झेनिट, पेंटॅक्स, निकॉन असं काही असेल तर हात घाला. झेनिटमध्येही जुन्या काही मॉडेलना ३९ मिलिमीटरचा स्क्रू असतो. तसाच दिसणारा स्क्रू रेंजफाइंडर (आत आरसा नसलेल्या जुन्या) कॅमेऱ्यांच्या लेन्सनाही आहे, पण त्यांचं फ्लँज डिस्टन्स २८.८ मिलिमीटर आणि झेनिटचं ४५.२. दोन्ही एकाच अडॉप्टरवर बसतात, पण फोकस एकीचाच जुळतो.

आणि मग फंगस. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यातून गेलेल्या लेन्सचा हा पहिला शत्रू. चामड्याच्या सुंदर केसमध्ये ‘जपून’ ठेवलेली लेन्स सगळ्यात आधी जाते, कारण चामडं ओल धरून ठेवतं. घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि अॅपर्चर पूर्ण उघडून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस. कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहतात. सगळीकडे सारखं धुकं म्हणजे हेझ. बऱ्याचदा साफ होतं. काचेच्या कडेने इंद्रधनुषी पापुद्रा म्हणजे दोन काचांमधला चिकटवलेला थर सुटतोय. ती लेन्स सोडून द्या. धुळीचे कण आणि पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत दिसत नाहीत, तिथे उगाच अडून बसू नका, पण भाव पाडायला त्यांचा उपयोग करा. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र त्रास देतो. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तर हेलिओस ४४-२ सारख्या हाताने मिटणाऱ्या लेन्सला फरक पडत नाही. खिळ्याने झटकन मिटणाऱ्या लेन्सची पाती चिकटतात. फोकस रिंग जड असेल तर आतलं ग्रीस वाळलंय. ते बदलून मिळतं, पण मजुरी लेन्सच्या किमतीएवढी होऊ शकते.

घरी आणल्यावर रबराच्या कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्त हायग्रोमीटर. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिली की पुरे. पुड्यांतले मणी रंग बदलतात, तेव्हा त्या गरम करून पुन्हा वापरायच्या. फंगसवाली लेन्स शेजारी ठेवली तर बाकीच्या सगळ्या बाद होतात ही भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, त्यांना वाढायला ओल लागते.

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात लेन्स बघायला जाणार असाल तर बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि अडॉप्टर बरोबर न्या. दुकानदाराला सांगून बाहेर रस्त्यावर या, लेन्स लावा, लांबच्या इमारतीवरची पाटी मॅग्निफाय करून वाचता येते का पाहा. बरेच स्वस्त अडॉप्टर जाणूनबुजून केसभर पातळ बनवतात, त्यामुळे पाटी रिंगच्या टोकाच्या थोडं आधीच स्पष्ट होईल. ते ठीक आहे. टोकाला पोचूनही ती स्पष्ट झाली नाही तर दोष लेन्सचा की अडॉप्टरचा हे ठरवायला त्याच माउंटची दुसरी एखादी लेन्स मागून घ्या आणि तीही लावून बघा.